बाराच्या आत काठ

हस्त नक्षत्रात, म्हणजे हत्तीच्या पावसाच्या दिवसांत, अमरावतीची सकाळ अगदी साळसूद असते. आभाळ धुऊन वाळत घातल्यासारखं. दहाला ऊन चावायला लागतं. साडेअकराच्या सुमाराला उत्तरेकडे, जिकडे सातपुडा आहे तिकडे, पांढरे ढग फुटतात. याच दिवसांत वावरात कपाशीचं पहिलं बोंड उलतं, आणि लांबून ते ढगही तसेच दिसतात. बारापर्यंत त्यांची बुडं काळी होतात. मग दोन-अडीचला धूळ, दारं आपटणं, पाऊस. आणि अर्ध्या तासात सगळं आटोपून पुन्हा ऊन.

माझ्या ऑफिसातली खिडकी उत्तरेची आहे. जेवणाच्या सुट्टीत बाकीचे डबे उघडतात तेव्हा मी खिडकीशी जाऊन उभा राहतो. कोणीतरी विचारतं, "काय पाहता जी रोज?" मी म्हणतो, "आभाळ." त्यावर एकदा आमच्या शिपायानं म्हटलं होतं, "साहेबाची कपाशी भिजून राहिली." सगळे हसले, मीही हसलो. तेल्हाऱ्याकडची आमची कपाशी भावाकडे आहे, आणि मी तिची चिंता कधी केलेली नाही.

यंदा याच दिवसांत एक फाईल माझ्या टेबलावर आली. मी ज्या धरणावर नोकरीची पहिली वर्षं काढली, त्या जलाशयाच्या पल्याडच्या गावासाठी मोटरबोट सुरू करायची आहे. शाळेची पोरं, दवाखान्याचे पेशंट, बाजार. हवामान पाहून फेऱ्या कशा आखाव्यात, कोणत्या वाऱ्याला बोट सोडू नये, याची नियमावली हवी आहे. साहेब म्हणाले, "तुम्ही तिथं होता ना? मग तुम्हीच करा. दोन पानं झाली तरी चालतील."

दोन पानं. मी तीन दिवस त्या फायलीची नाडी सोडून पुन्हा बांधत होतो.

*

धरण झालं तेव्हा जुना डांबरी रस्ता पाण्यात गेला. अल्याडच्या काठावर तो अजून तसाच पाण्यात उतरतो. मधली पांढरी रेघ काही पावलं पाण्याखाली दिसते आणि मग गढूळते. त्यालाच घाट म्हणायचे. तिथून पल्याड साडेपाच किलोमीटर उघडं पाणी. वळसा घालून रस्त्यानं जायचं तर सव्वादोन तास, आणि बस दिवसातून एक. म्हणून लोक नावेनं जायचे, वल्ह्याच्या, आणि ती नाव शालिकभाऊंची होती.

शालिकभाऊ भोई. तेव्हा पंचेचाळिशीचे असतील. मी सत्तावीस वर्षांचा, धरणावर मोजणीला. सकाळी साडेआठला पाण्याची पातळी वाचायची, पावसाचं माप घ्यायचं, विश्रामगृहाच्या गच्चीवर वारा मोजणाऱ्या तीन वाट्या गरगरत असायच्या त्यांचा आकडा उतरवायचा, आणि नऊला वायरलेसवर हे सगळं अमरावतीला सांगायचं. अमरावतीहून उलट हवामानाची सूचना असेल तर ती ऐकून घ्यायची. बस. उरलेला दिवस मोकळा.

पहिल्यांदा नावेत बसलो तेव्हा मी दोन्ही हातांनी फळी धरून बसलो होतो. शालिकभाऊंनी वल्हं न थांबवता बाकीच्यांना सांगितलं, "तेल्हाऱ्याच्या मानसाले पानी म्हंजे बादलीतलं. त्याले मधात बसवा." बायका सरकल्या आणि मला मधे घेतलं. एकीच्या मांडीवर बांधलेली शेळी होती, ती माझ्याकडे पाहत राहिली.

भाद्रपद सरला की पाणी सर्वांत रुंद. शालिकभाऊ म्हणायचे, उन्हाळ्यात हे तळं असतं, आता दर्या आहे. त्यांनी दर्या पाहिलेला नव्हता. पण दुसऱ्या दिवशी लांबची फेरी असली की आदल्या संध्याकाळपासून त्यांची जी तयारी चालायची, ती समुद्रावरचा माणूसही बहुधा तशीच करत असेल. घाटावर येऊन ते रस्त्याच्या त्या पांढऱ्या रेघेवर पाय पाण्यात सोडून बसायचे. ओंजळीत पाणी घेऊन दोन्ही कान ओले करायचे आणि गप्प राहायचे. जो कान आधी गार पडेल, वारा तिकडचा. मी हसलो तर म्हणाले, "तुया वाट्या वारा आल्यावर फिरते. कान त्याच्या आंधी सांगते."

पहाटे पल्याडच्या चुलींचा धूर पाहायचा. उभा चढला तर निघायचं. निघून पाण्यावर आडवा झाला तर चहा घेऊन पुन्हा पाहायचं. बुडालेल्या बाभळींचे काळे शेंडे पाण्याबाहेर होते, त्यांवर पाणकावळे बसायचे. ते सगळे एकाच बाजूला तोंड करून बसले तर घाई करायची. सातपुडा जवळ आल्यासारखा, झाडन् झाड मोजता येईल असा दिसला तर त्या दिवशी फेरी नाही. मला तो दिवस सगळ्यात सुंदर वाटायचा. त्यांना नाही.

नाव सरळ जात नसे. बुडालेल्या गावाच्या गायरानातलं एक टेकाड बेटासारखं वर उरलं होतं, अर्ध्या वाटेवर. घाटापासून टेकाडापर्यंत एक तास, टेकाडापासून पल्याड पाऊण. टेकाडावर नाव लावायची, सगळ्यांनी उतरायचं, आणि पुन्हा आभाळ पाहायचं. घाटावरचं आभाळ शिळं झालेलं असतं, असं ते म्हणत. एकदा लग्नाचं वऱ्हाड होतं, बँडवाल्यांसकट. नवरदेवाचा मामा उतरायला तयार नव्हता, मुहूर्त टळत होता. शालिकभाऊंनी वल्हं आडवं ठेवलं आणि बिडी पेटवली. शेवटी मामा उतरला. बँडवाल्यानं विचारलं, नावेत वाजवू का. "वाजव, पन बसून वाजव. तुया ढोलाले पोहता येते, तुले येते का?"

अकरा माणसं, बारावा नाही. नावेत छत्री उघडायची नाही, ऊन असो की पाऊस. आणि हस्त लागल्यापासून चित्रा संपेपर्यंत बाराच्या आत काठ. ऐलतीर की पैलतीर, पण काठ. हा नियम त्यांनी कोणासाठी मोडला नव्हता. सरपंचासाठी नाही, आमच्या इंजिनिअरसाठी नाही.

मोडला तो माझ्या भरवशावर.

*

त्यांना वायरलेसचं अप्रूप होतं. अमरावतीत बसलेला माणूस दुपारचं वारं सकाळी सांगतो, ही गोष्ट त्यांनी माझ्याकडून दोनदा ऐकून घेतली. त्या वर्षी श्रावणात मी सहज सांगितलं, आज चारनंतर जोराचं येणार आहे, आणि ते साडेचारला आलं. तेव्हापासून ते मला मानायला लागले. वयानं वडीलधारा माणूस मला "तुमी" म्हणायला लागला.

घाट विश्रामगृहापासून दोन किलोमीटरवर. रोज विचारायला येणं त्यांना जमायचं नाही. तेच म्हणाले, "बाबू, तुमची गच्ची आमाले घाटावरून दिसते. सूचना आयकून सगळं ठीक असन तं पांढरं फडकं बांधत जा. पांढरं दिसलं का मी निघतो."

गच्चीला बेचाळीस पायऱ्या होत्या. मी मोजल्या होत्या, कारण साडेआठला एकदा चढावंच लागायचं. वायरलेस नऊला. म्हणजे रोज दुसऱ्यांदा चढायचं. मी म्हटलं, "धोका वर्षातून आठ-दहा दिवस. त्या दिवशीच लाल बांधतो. लाल दिसलं नाही तर समजा मोकळं आहे."

त्यांनी गच्चीकडे पाहिलं. मग म्हणाले, "आन् तुमी नसले तं?"

"मी कुठं जातो?"

एवढंच बोलणं झालं. बेचाळीस पायऱ्या वाचवण्यासाठी मी न बोलण्याला होकार ठरवला. मोजणीच्या माणसाला हे कळायला हवं होतं. आमच्याकडे पाऊस झाला नाही तर रकाना मोकळा सोडत नाहीत, शून्य लिहितात. मोकळा रकाना म्हणजे माणूस हजर नव्हता. हे मी नोकरीच्या पहिल्या आठवड्यात शिकलो होतो.

*

पल्याडच्या गावातली अर्ध्याहून जास्त घरं बौद्धांची. दसऱ्याला ते नागपूरला दीक्षाभूमीवर जायचे. आदल्या दिवशी सकाळी पांढऱ्या साड्या, पांढरे सदरे घातलेली माणसं नावेतून यायची. पाण्यावर लांबून बगळ्यांची ओळ येते आहे असं वाटायचं. भाकरी बांधून घेतलेल्या, पोरांना दटावणं चाललेलं. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी ते परत यायचे, पिशव्यांमध्ये पुस्तकं घेऊन. सुभद्राबाई दरवर्षी पुस्तकं आणायच्या. चाळिशीच्या होत्या, मजुरी करायच्या, स्वतःला अक्षरं जुळवून वाचता यायची एवढंच. पोरगी करुणा नववीत, तिच्यासाठी आणायच्या. मला एकदा म्हणाल्या होत्या, "बाबू, तुमी एवढं लिहिता वहीत, वाचाले तं देत जा कवा." मी म्हटलं, त्यात नुसते आकडे आहेत. "मंग लिहिता कावून?" म्हणाल्या आणि पुढे गेल्या.

त्या वर्षी दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी अमरावतीला मुलगी पाहायला जायचं ठरलं. पावसाळा संपेपर्यंत मुख्यालय सोडायला परवानगी नसे. मागितली असती तरी मिळाली नसती. मी मागितली नाही. दसऱ्याच्या संध्याकाळी दुसऱ्या दिवसाची पातळी, पाऊस, वारा, सगळे आकडे अंदाजानं वहीत आगाऊ भरले. तेव्हा अनेक जण भरायचे. चौकीदाराला सांगितलं, उद्या संध्याकाळी येतो, कोणी विचारलं तर गावात गेलो म्हण. आणि शेवटच्या बसनं निघालो.

फडकं माझ्या मनातही आलं नाही.

दुसऱ्या दिवशी पाहुण्यांच्या घरी आम्ही साडेअकराला पोचलो. पोहे आले, मुलगी आली, बसली. नाव संध्या. तिला काय विचारावं ते मला सुचेना, म्हणून तिनंच विचारलं, धरणावर करमतं का. सव्वाबारा झाले असतील. एकदम खोलीत अंधारून आलं, खिडकीचा पडदा आत फुगला आणि टिपॉयवरचं वर्तमानपत्र उडून माझ्या पायाशी आलं. तिचे वडील हसत म्हणाले, "हत्तीनं सोंड हलवली म्हनायची."

तेव्हा मला फडकं आठवलं. आज परतीची फेरी आहे, नागपूरची माणसं येणार आहेत, गच्चीवर काही नाही, आणि शालिकभाऊ गच्चीकडे पाहणार आहेत. हे सगळं एका क्षणात आठवलं. पोह्यांची बशी हातात होती. टिपॉयच्या बाजूलाच फोन होता, त्यावर क्रोशाचं झाकण. धरणाच्या चौकीत फोन होता. नंबर मला पाठ होता. चौकीदाराला म्हणायचं होतं, गच्चीवर जा आणि लाल फडकं बांध.

मी फोन केला नाही. केला असता तर मी अमरावतीत आहे हे उघड झालं असतं. आणि समोर ही मंडळी बसलेली, फोन कशाला हवा ते सांगावं लागलं असतं. मी मनात म्हटलं, बारा वाजून गेले, शालिकभाऊ बारानंतर सोडतच नाहीत. बशी तशीच धरून बसलो.

तेवीस वर्षं मी स्वतःला सांगत आलो की कळवायला साधन नव्हतं. घाटावर फोन नव्हता, असं सांगायचो. घाटावर नव्हताच. चौकीत होता.

*

नागपूरहून येणारी बस उशिरा आली होती. माणसं घाटावर पोचली तेव्हा साडेबारा वाजले होते. शालिकभाऊ नाही म्हणाले. लोक दोन दिवसांचे दमलेले, पोरं रडणारी, घरी गुरं बांधलेली. कोणीतरी गच्चीकडे बोट दाखवलं: लाल कुठं आहे? शालिकभाऊंनी पाहिलं. कान ओले केले की नाही मला माहीत नाही. आयुष्यभर ज्या कानांवर चालले ते त्या दिवशी त्यांनी बाजूला ठेवले, कारण अमरावतीतल्या यंत्राला जास्त कळतं हे मीच त्यांना पटवलं होतं. पाऊणला नाव सोडली.

टेकाड दिसायला लागलं होतं तेव्हा वावधन आलं. सोसाट्याच्या वाऱ्याला आमच्याकडे वावधन म्हणतात. लाटा नावेत शिरल्या. शालिकभाऊंनी नाव बाभळींच्या शेंड्यांकडे वळवली, एकेकाला काट्यांच्या फांद्या धरायला लावल्या. पल्याडहून दुसऱ्या दोन नावा येईपर्यंत तासभर माणसं काटे धरून पाण्यात होती. दहा वाचली. सुभद्राबाई दुसऱ्या दिवशी सापडल्या. त्यांची पुस्तकांची पिशवी एका शेंड्याला अडकली होती. ती पुस्तकं कोणीतरी घाटावरच्या दगडांवर वाळत घातली होती, पानांमध्ये खडे ठेवून.

मी त्या दिवशी संध्याकाळी सहाला परतलो. एसटी स्टँडवरच कळलं. चौकीदार म्हणाला, "सकायी वायरलेस लय वरडून राहिला होता, मले तं चालवता येत नाई." मी सेट लावला. सकाळी ऐकू येत होतं पण उत्तर जात नव्हतं, असं सांगितलं. अमरावतीनं सकाळची सूचना पुन्हा वाचून दाखवली: दुपारी बारानंतर विजांसह जोरदार वारे. मी वही उघडली आणि त्या दिवसाच्या शेऱ्यात लिहिलं: 'सकाळी सव्वानऊ वाजता नावाड्यास तोंडी सूचना दिली.' अक्षर नेहमीपेक्षा बरं आलं.

चौकशीला तालुक्याहून अधिकारी आले. शालिकभाऊंनी सांगितलं, "फडकं नव्हतं साहेब. बाबूच नव्हता. मानसं काढल्यावर मदतीले पयत आलो, तं खोलीले कुलूप होतं." अधिकाऱ्यांनी वहीवर बोट ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. चौकीदार माझ्याच बाजूनं बोलला. मी नव्हतो हे निघालं असतं तर त्याचीही नोकरी गेली असती.

नाव काठावर ओढून उलटी ठेवली. मच्छीमारांच्या सोसायटीनं शालिकभाऊंचं नाव कमी केलं. सूचना असताना माणसं बुडवली, हे पल्याडच्या गावात घरोघर झालं. ज्या घरांतून त्यांना काका म्हणत, तिथं त्यांना पाणी विचारीनात. दिवाळीच्या आत ते बायकापोरांसह अकोल्याला गेले.

माझं लग्न त्या उन्हाळ्यात झालं. संध्याशीच.

*

फाईल आल्यावर मी फोनमध्ये हवामान सांगणारी तीन ॲप्स घेतली. तिन्ही त्याच पाण्यावर तीन वेगवेगळे वारे सांगत होती. नियम लिहायला बसलो की शालिकभाऊंचेच शब्द यायचे. शेवटी एका रविवारी अकोल्याची बस धरली. वीस वर्षांत अकोल्याला कितीदा गेलो असेन, आणि दर वेळी जुन्या कापूस बाजाराकडचा रस्ता टाळून गेलो, कारण ते तिकडे एका जिनिंगमध्ये लागल्याचं ऐकलं होतं.

आता ते घरीच असतात. मुलाचं दुचाकी दुरुस्तीचं दुकान आहे, मागे दोन खोल्या. एका डोळ्यात मोतीबिंदू. खाटेवर बसून लसूण सोलत होते. मी नाव सांगायच्या आत म्हणाले, "मोजनीबाबू. ये. लय वायला तू, हाडं दिसून राहिली."

"तुमी" गेलं होतं. मला ते बरं वाटलं.

त्यांच्या बायकोनं चहा ठेवला. माझ्याशी बोलली नाही, पण ठेवला. मी फाईल काढली, बोटीचं सांगितलं. मी तेवढ्यासाठीच आलो असं त्यांना वाटलं असावं. ते सांगायला लागले, मी लिहीत गेलो.

"मोटर हाय म्हंजे लौकर पोचन, पन लाटेले मोटर समजत नाई. टेकाडावर थांबलंच पायजे. पोट्टे उतरवा, आभाय पाहा, मंग पुढं."

"वेळ वाया जातो म्हणतील."

"जाऊ दे. पोट्टे वाया नाई जात. आन् हत्तीत बाराच्या आत काठ, लिही. कापूस येचाची दुपार नोय ते."

"आणि खूण?"

ते लसूण सोलायचे थांबले. "तू सांग. तू साहेब हायेस."

मी म्हटलं, "पांढरं. पांढरं दिसलं तरच बोट सुटेल. काही दिसलं नाही तर नाही." मग म्हटलं, "शालिकभाऊ, त्या दिवशी मी धरणावर नव्हतो. वहीत नंतर लिहिलं."

"हे सांगाले आला? हे मले मालूम हाय. तुया खोलीले कुलूप मीच पाह्यलं."

"तुम्ही पुन्हा कोणाला सांगितलं नाही?"

"सांगतलं नाई? साहेबाले सांगतलं, सोसायटीत सांगतलं, सुभद्राच्या नवऱ्याच्या पायावर डोकं ठेवून सांगतलं. माया सांगन्याचा कागद कुठी होता? तुया कागद होता."

मग मी फोनचं सांगितलं. पडदा, वर्तमानपत्र, क्रोशाचं झाकण, चौकीचा नंबर. सव्वाबारा वाजले होते हेही सांगितलं. आतल्या खोलीत भांड्यांचा आवाज थांबला.

सोललेल्या पाकळ्या त्यांनी एका बाजूला केल्या, टरफलं दुसऱ्या बाजूला.

"हे मले मालूम नव्हतं," ते म्हणाले. "मी समजत होतो, तू इसरला. मानूस इसरते. इतके वर्सं मी तुले इसरलेला समजून शिव्या देल्या." थोड्या वेळानं म्हणाले, "मले सांगून मोकया नको होऊ. मी तं काठावर आलो होतो. तिची पोट्टी हाय. तिले सांग. आन् लिहून दे, तुयंच अक्षर पायजे."

निघताना त्यांनी पाणी दिलं नाही, फोन नंबर मात्र दिला. मुलाला हाक मारून कागदावर लिहायला लावला. "बोटीचं काही इचाराचं असन तं," म्हणाले.

*

संध्याला त्याच संध्याकाळी सांगितलं. ती भाजी निवडत होती, निवडत राहिली. शेवटी म्हणाली, "म्हणून पोहे टाकले होते तुम्ही. आई मरेपर्यंत म्हणायची, जावयाले माया हातचे पोहे आवडले नाई." मग ती उठून आत गेली. दोन दिवस आमच्यात लागेल तेवढंच बोलणं झालं. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "फोन मागितला असता तर बाबांनी दिला असता. कारणही विचारलं नसतं."

नियमावली दोन पानांची झाली. तिला मी तिसरं पान जोडलं: त्या दिवशी मी मुख्यालयात नव्हतो, शेरा नंतर लिहिला, नावाड्यास कोणतीही सूचना दिलेली नव्हती, त्याचा दोष नाही. खाली सही, पूर्ण नाव. साहेबांनी वाचलं, दार लावून घेतलं. "तुमची सात वर्षं राहिली. हे कशाला? नियम उत्तम आहेत, तेवढेच पाठवू." मी म्हटलं, पांढरं फडकं का, हे कोणी विचारलं तर उत्तर त्या पानावर आहे. त्यांनी फाईल ठेवून घेतली. चार दिवसांनी ती तिन्ही पानांसह पुढे गेली, एवढं मला जावक नोंदवहीत दिसलं. पुढे काय होईल ते अजून माहीत नाही. मला भीती वाटत नाही असं म्हणणार नाही. वाटते.

करुणा अचलपूरला शिक्षिका आहे. तिचा पत्ता पल्याडच्या एका माणसाकडून मिळाला. काल गेलो. सकाळची बस, वाटेत दोन्ही बाजूंना तूर फुलायला आलेली. घर शाळेच्या मागच्या गल्लीत, अंगणात दोन कुंड्या, पुढच्या खोलीत भिंतभर पुस्तकं. वय सदतीस असेल. बोलण्याची ढब आईची. मी कोण ते सांगितल्यावर तिनं खुर्ची पुढे केली आणि स्वतः उभी राहिली.

मी सगळं सांगितलं. ज्या क्रमानं घडलं त्या क्रमानं, पायऱ्यांपासून. फोनचं सांगताना ती म्हणाली, "किती वाजले होते म्हणता?"

"सव्वाबारा."

"आणि नाव सुटली?"

"पाऊणला."

"अर्धा तास," ती म्हणाली. तिनं ते पुन्हा म्हटलं नाही.

गल्लीतून एक ऑटो गेला. तिनं पदरानं टेबलाची कड पुसली, तिथं धूळ नव्हती.

"मी त्यांना एकदा अकोल्यात पाहिलं होतं," ती म्हणाली. "शालिककाकांना. मी तेव्हा बी.एड.ला होते. भाजीची गाडी होती त्यांच्याजवळ. त्यांनी मला ओळखलं. गाडीवरून दोन पेरू उचलून माझ्यापुढं धरले. मी रस्ता ओलांडून पलीकडं गेले."

ती माझ्याकडे वळली.

"तुमचं झालं सांगून?"

"हो."

"त्यांचा नंबर आहे?"

मी खिशातला कागद काढून टेबलावर ठेवला. तिनं तो उचलला, वाचला, आणि मी उठलो आहे की नाही हे न पाहता फोन लावला. मी बाहेर येऊन चपला घालत होतो. आत पलीकडची घंटी बराच वेळ वाजली, मग उचलल्याचा आवाज आला.

"काका," ती म्हणाली, "मी करुणा बोलून राहिली. सुभद्राची करुणा."

पुढचं ऐकायला मी थांबलो नाही. फाटक आवाज न करता ओढून घेतलं आणि स्टँडकडे चालायला लागलो.